ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरात ग्रहण कसे पाहावे

विज्ञान आणि धर्म एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न परिसंवादात विचारला की त्याचे उत्तर हवेतच राहते. घरात मात्र तो ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या मिनिटाला येतो, कारण त्याची वेळ पंचांगात आधीच छापलेली असते. ग्रहणाच्या दिवशी घरातला एक जण चाळणी आणि पांढरा कागद घेऊन गच्चीकडे निघालेला असतो, दुसरे कोणी देवघरात जपाची माळ ओढत बसलेले असते, पिण्याच्या पाण्यात तुळशीचे पान पडलेले असते आणि गरोदर सुनेला "आज विळीला हात लावू नकोस" असे बजावले जात असते. हा लेख अशा घरासाठी आहे. ग्रहण पाळणे बंद कसे पाडावे हे सांगण्याचा त्याचा हेतू नाही, आणि पाळण्यामागे प्राचीन विज्ञान कसे दडलेले आहे हे सांगण्याचा तर मुळीच नाही.

आधी पंचांग एकत्र वाचावे

तयारीची सुरुवात ग्रहणाच्या दिवशी करू नये. घरात नवे पंचांग आले की ग्रहणांचे पान काढून ते पाळणाऱ्या आणि पाहणाऱ्या माणसांनी शेजारी बसून वाचावे, कारण दोघांनाही मान्य असलेला घरातला कागद बहुधा तेवढाच असतो. स्पर्श म्हणजे ग्रहणाचा आरंभ, मध्य म्हणजे ते सर्वाधिक असण्याची वेळ आणि मोक्ष म्हणजे ग्रहण सुटणे, हे शब्द खगोल मंडळात जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असावेत. पाळणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की या तीन वेळा कोणालाही अंतर्ज्ञानाने कळलेल्या नसून त्या गणिताने काढलेल्या आहेत.

त्या गणितामागे महाराष्ट्राचा मोठा इतिहास आहे. जुन्या करणग्रंथांवरून, म्हणजे ग्रहगणिताच्या जुन्या पोथ्यांवरून, काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी ग्रहस्थिती यांत फरक पडू लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्षाशी जुळणारे पंचांग काढण्याचा उद्योग आरंभला. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी त्यासाठी लागणारी कोष्टके सिद्ध केली आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीची बाजू लावून धरली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. व्रतवैकल्यांचा दिवस ठरवण्यासाठी दुर्बिणीतून मिळालेले आकडे वापरावेत की नाहीत, हा त्या काळी धर्माचाच वाद होता, आणि तो मुख्यतः धर्मनिष्ठ माणसांनी आपसांत लढवला. सहअस्तित्वाचा आपल्याकडचा सर्वांत यशस्वी प्रयोग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी प्रयोग म्हणून पाहत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

पंचांग वाचताना दोन नियम मुद्दाम मोठ्याने वाचावेत. पहिला असा की, जे ग्रहण आपल्या गावातून दिसणार नाही ते पाळायचे नसते. दुसरा असा की, छायाकल्प चंद्रग्रहण, म्हणजे ज्यात चंद्र पृथ्वीच्या केवळ विरळ उपच्छायेतून जातो आणि डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, तेही पाळायचे नसते. हे दोन्ही नियम परंपरेतलेच आहेत आणि दोन्ही 'दिसणे' या गोष्टीवर उभे आहेत. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या सूर्यग्रहणाच्या बातमीने घाबरून घरात उपास सुरू झाला, तर तो थांबवण्यासाठी विज्ञानाला साकडे घालावे लागत नाही. धर्मशास्त्राचे पान पुरते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला पुण्याच्या पंचांगातील वेळा कळवणाऱ्या आईलाही हेच पान दाखवावे, म्हणजे तिथले ग्रहण तिथल्या आकाशाप्रमाणे आणि तिथल्या वेळेप्रमाणे धरायचे असते, हे तिला आपोआप पटते.

विधान कोणते आणि व्रत कोणते

यानंतर घरात ग्रहणाविषयी जे जे म्हटले जाते ते एका कागदावर लिहून काढावे आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारावा: हे जगाविषयीचे विधान आहे की स्वतःच्या आचरणाचा संकल्प? "मी ग्रहणात जप करते" हा संकल्प आहे. त्याला पुरावा मागणे म्हणजे वारीला निघालेल्या माणसाला पंढरपूरपर्यंत एसटी जाते असे ऐकवण्यासारखे आहे. "ग्रहणात शिजवलेले अन्न दूषित होते" हे मात्र विधान आहे आणि विधान कोणीही केले तरी ते तपासता येते. माझ्या अनुभवाने घरातली निम्मी भांडणे या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात: नातू संकल्पावर तुटून पडतो आणि आजी विधानाला श्रद्धा म्हणून कवटाळते.

तपासणी घरच्या घरी करता येते. ग्रहणात पाण्याच्या ताटात मुसळ आपोआप उभे राहते आणि ग्रहण सुटले की पडते, असे अनेक गावांत सांगतात. ज्याचा बूड सपाट आहे असे मुसळ घेऊन ते ग्रहणात उभे करावे, आणि मग कोणत्याही साध्या मंगळवारी त्याच ताटात पुन्हा उभे करावे. दोन्ही वेळा ते उभे राहते. अन्नाची परीक्षा थोडी अधिक काळजीने करावी लागते. एकाच पातेल्यातले वरण दोन वाट्यांत काढून एकीत तुळशीपत्र घालावे, दुसरी तशीच ठेवावी, आणि ग्रहण नसलेल्या दिवशी तितकेच तास, शक्यतो तितक्याच उकाड्यात, हेच पुन्हा करून वास आणि आंबणे यांची नोंद ठेवावी. दुसऱ्या दिवसाची ही नोंद नसेल तर पहिल्या दिवसाला काहीच अर्थ राहत नाही, कारण उन्हाळ्यात नऊ तास उघडे राहिलेले वरण ग्रहणाशिवायही आंबते. प्रयोगातले वरण अर्थातच कोणी खाऊ नये.

येथे एक मोह टाळावा लागतो आणि तो पाळणाऱ्यांपेक्षा शिकलेल्यांना अधिक होतो. ग्रहणात विशिष्ट किरण बाहेर पडतात, म्हणून पूर्वजांनी वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा उपासाचा काळ, सांगितले, तुळस त्या किरणांना शोषते, दर्भ जंतूंना रोखतो, अशा मजकुराचे संदेश प्रत्येक ग्रहणाच्या आदल्या दिवशी फिरतात. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. सावलीतून नवे किरण निर्माण होत नाहीत. असा संदेश पुढे पाठवून आपण धर्म आणि विज्ञान यांचा समेट घडवला असे वाटते, पण त्यात दोघांचीही फसवणूक असते: विज्ञानाच्या नावावर न केलेले संशोधन खपवले जाते आणि जप करणाऱ्या आजीच्या श्रद्धेला, तिने न मागितलेल्या, प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभे केले जाते. हा दाखला खोटा ठरला की तिची श्रद्धाही विनाकारण खोटी ठरते. तिने कधी किरणांसाठी जप केलेला नसतो.

विज्ञानप्रेमींनीही आपल्या मुसळाची परीक्षा घ्यावी. १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते आणि सूर्याच्या वर्णपटातील, पुढे हेलियमची ठरलेली, पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दुर्बिणी लावल्या होत्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही दुरुस्ती आपण होऊन सांगावी. आपली लाडकी गोष्टही आपण तपासून सोडू शकतो, हे दिसल्यावर त्यांचे ऐकून घेण्याचे मन कितीतरी मोकळे होते.

राहूचे काय करायचे

"मग राहू खोटा का?" हा प्रश्न कोणीतरी विचारतेच आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे, कारण हा प्रश्न आपल्या परंपरेत दीड हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहिले: "छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया", म्हणजे चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. वराहमिहिरानेही राहूला ग्रहणाचे कारण मानले नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये गणित सावलीचेच केले, पण राहू नाकारणारे लोक वेद-स्मृतींच्या विरोधात बोलतात असे म्हणून त्यांना दटावले; त्याच्या विद्वत्तेचा आदर करणाऱ्या अल-बिरुनी या अकराव्या शतकातील विद्वानानेही त्याबद्दल त्याला चांगलेच सुनावले आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी, ज्यांच्या कुळाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, दोन्ही ग्रहणांत दिशा, कालावधी आणि कोरीचा आकार वेगळा असतो, म्हणून झाकणारी वस्तूही वेगवेगळी असली पाहिजे असा नेमका युक्तिवाद केला, आणि नंतर ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो अशी वाट काढून पुराणालाही जागा ठेवली.

या तीन मार्गांपैकी कोणता धरायचा, हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे. मला ब्रह्मगुप्ताचा सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्यात माणूस हिशेब एक करतो आणि दुसऱ्यांना बोलायला दुसरेच लावतो. भास्कराचार्यांची वाट आजच्या वाचकाला ओढाताणीची वाटेल, पण त्यांनी गणिताचा एक आकडाही पुराणासाठी बदलला नाही. मुलांना सांगताना आणखी एक सोय आहे. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांचा कोन करते, म्हणून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ग्रहण होत नाही. हे दोन मार्ग जिथे छेदतात त्या दोन बिंदूंनाच ज्योतिर्गणितात राहू आणि केतू म्हणतात. सूर्य आणि चंद्र या बिंदूंजवळ असले तरच ग्रहण लागते. राहूची गोष्ट रात्री झोपताना सांगावी आणि राहूचा बिंदू दुसऱ्या दिवशी दोन बांगड्या एकमेकींत तिरक्या अडकवून दाखवावा.

पंचांगातल्या ग्रहणांच्या त्याच पानावर खाली कोणत्या राशीला ग्रहण शुभ आणि कोणत्या राशीला अशुभ हेही छापलेले असते. वरचे आकडे मिनिटाला खरे ठरले म्हणून खालचे फलही खरे, असा समज त्या शेजारामुळे होतो. तेवढे स्पष्ट सांगावे आणि पुढे जावे.

जिथे तडजोड करायची नाही

आतापर्यंत सुचवलेली प्रत्येक गोष्ट पुढे-मागे सरकवता येते, पण गरोदर स्त्री, मधुमेही माणूस, लहान मूल आणि आजारी वृद्ध यांच्या अन्नपाण्याची आणि औषधांची वेळ सरकवता येत नाही. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहरांचे, म्हणजे सुमारे बारा तासांचे, आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहरांचे, म्हणजे सुमारे नऊ तासांचे धरतात. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने किंवा सात महिन्यांच्या गरोदर स्त्रीने इतके तास अन्नपाण्यावाचून राहणे हा श्रद्धेचा विषय उरत नाही. येथेही परंपरेचे पान मदतीला येते: बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेधांत सवलत असल्याचे पंचांगे स्वतःच छापतात, आणि धर्मसिंधूसारख्या ग्रंथांतही अशक्तांसाठी वेगळा विचार केलेला आहे. ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावी.

सवलतीने प्रश्न अर्धाच सुटतो, कारण खरी भीती बाळाची असते. ग्रहणात चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत सासूच्या मनात क्रौर्यातून आलेली नसते. तिला तिच्या सासूने तेच सांगितलेले असते आणि नातवंडाला काही झाले तर दोष आपल्यावर येईल याची धास्ती असते. त्या भीतीची थट्टा करू नये, तिला माहिती द्यावी. गर्भाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे नीट कळेपर्यंतच ते काम होऊन गेलेले असते. सहाव्या महिन्यात कांदा चिरल्याने जुळलेला ओठ उसवत नाही. ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, काही औषधे अशी कारणे असतात, आणि त्यांची चौकशी डॉक्टरांकडे ग्रहणाची वाट न पाहता करता येते.

हे बोलणे सुनेवर सोपवू नये. ते मुलाने, आणि तेही पाहुण्यांसमोर नव्हे तर दोन आठवडे आधी, आई एकटी असताना करावे. "आई, तुमचा जप आणि तुमचे स्नान ठरल्याप्रमाणे होऊ द्या, मी पाणी तापवून ठेवतो. हिचे जेवण मात्र रोजच्या वेळेला होईल आणि गोळी दुपारी दोनला दिली जाईल. हे मी डॉक्टरांना विचारून ठरवले आहे, तेव्हा त्याचा भार तुमच्यावर नाही." शेवटचे वाक्य गाळू नये, कारण आईला दोषमुक्त करणे हेच त्या संभाषणातले मुख्य काम असते. सुनेला स्वतःला त्या वेळी खोलीत शांत बसावेसे वाटले तर तोही तिचाच निर्णय मानावा. तिला बळेच गच्चीवर नेणे हा सुधारणेचा पुरावा होत नाही. पाणी, जेवण, औषध, हालचाल आणि शौचास जाणे यांवर मात्र दुसऱ्या कोणाचाही हुकूम चालू देऊ नये.

याच सदरात आणखी एक जुनी गोष्ट येते. "दे दान, सुटे गिराण" ही हाक आज अनेकांना गमतीची आठवण वाटते. ती हाक कोणाच्या तोंडी होती हे आठवून पाहावे: ज्यांना अस्पृश्य ठरवले त्या महार-मांग समाजांनी ग्रहण सुटताना दारोदार फिरून ती द्यायची आणि जुने-पाने दान घ्यायचे, अशी ती रीत होती. दान द्यायचे असेल तर ते आवर्जून द्यावे, त्याला कोणत्याही विज्ञानाची हरकत नाही. पण कोणालाही त्या हाकेसाठी दारात उभे करू नये आणि मुलांना ती कौतुकाने शिकवू नये.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी

२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण उदाहरणादाखल घेऊ. ते इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल. महाराष्ट्रातून दुपार कलल्यावर, पावसाळी ढगांनी कृपा केली तर, खंडग्रास दिसेल. त्या दिवशी सोमवार आहे आणि आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. बारा तास मागे मोजले तर वेध सूर्योदयाच्या आधीच लागतात. म्हणून दिव्यांची पूजा आणि नैवेद्य यांचे काय करायचे हे आदल्या आठवड्यात घरच्या पुरोहितांना विचारून ठेवावे, आणि न पाळणाऱ्यांचा स्वयंपाक कोण, कुठे करणार तेही ठरवावे. पाळणाऱ्या बाईनेच दोन्हींची सोय लावायची, अशी व्यवस्था बहुतेक घरांत आपोआप होते. ती होऊ देऊ नये. ज्याला ग्रहणात चहा हवा, त्याने तो स्वतः करून घ्यावा. सणाच्या दिवशी ग्रहण येण्याची वेळ नवी नाही: २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले, २५ ला सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला आणि पाडवा २६ ला आला, दिवाळीत काही बिघडले नाही.

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा जळत असतानाही माणूस आरामात पाहत राहतो आणि नुकसान काही तासांनी उमगते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, दोन-तीन गॉगल एकावर एक, हळदीच्या पाण्यातले प्रतिबिंब, हे सगळे जुने उपाय सोडून द्यावेत. प्रमाणित ग्रहणचष्मा ओरखडा नसलेला असावा, आणि तो लावून दुर्बिणीतून पाहू नये. सर्वांत चांगले साधन स्वयंपाकघरात असते: पिठाची भोकांची चाळणी किंवा झारा सूर्याकडे धरून त्याची सावली पांढऱ्या कागदावर पाडावी, म्हणजे प्रत्येक भोकाखाली एकेक सूर्यकोर उमटते. चाळणी अर्थात आधी विचारून घ्यावी आणि मोक्षानंतर धुऊन परत द्यावी. झाडाच्या पानांमधल्या फटींतूनही जमिनीवर अशाच कोरी सांडतात.

ज्यांना ग्रहणात घराबाहेर पडायचे नाही, त्यांच्यासाठी एक लहान आरसा घ्यावा, त्यावर नखाएवढे भोक पाडलेला काळा कागद चिकटवावा आणि त्याने ऊन आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडावे. भिंत पुरेशी लांब असेल तर तिथे चावलेला सूर्य स्पष्ट दिसतो. मात्र आजींना आधी विचारावे. काहींच्या नियमात ग्रहण पाहणेच बसत नाही, आणि त्यांच्या नकळत भिंतीवर सूर्य आणून ठेवणे ही लबाडी होईल.

चंद्रग्रहण डोळ्यांना पूर्ण सुरक्षित असते आणि त्यात चष्म्याची भानगड नाही. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री साडेआठनंतर लागून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारे खग्रास चंद्रग्रहण भारतातून दिसेल. ढोबळ हिशेबाने त्याचे वेध त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच लागतील, त्यामुळे नववर्षाच्या मेजवान्यांच्या गडबडीत कोणत्या घरात कोण उपाशी राहील हे आताच सांगता येत नाही. सुमारे सत्तर मिनिटे चंद्र पूर्ण सावलीत असेल आणि तांबूस दिसेल, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला लाल प्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो.

पाहणाऱ्याने स्पर्श आणि मोक्ष यांच्या दिसलेल्या वेळा घड्याळ लावून वहीत टिपाव्यात. मोक्ष होताच पाळणारे स्नानाला जातील, तेव्हा गरम पाण्याचा बंब आधीच तापलेला असावा. स्नानानंतर ताजा स्वयंपाक होईपर्यंत पंचांग पुन्हा काढून छापलेल्या वेळा आणि वहीतल्या वेळा आजींकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. एखाद्या मिनिटाचा फरक निघालाच, तर पंचांग कोणत्या गावासाठी काढले आहे ते मुखपृष्ठावर पाहावे.